कम्युनिटी कॉलेज की थेट विद्यापीठ? पुढे यूसीत ट्रान्सफर घ्यायची असेल तर

मार्चअखेर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे यूसीचे निकाल लागले की आमच्याकडे फोन सुरू होतात. आवाजावरूनच कळते, बर्कली किंवा यूसीएलए हुकले आहे. प्रश्न बहुतेक एकच असतो. "यूसी रिव्हरसाइडला ॲडमिशन मिळालीय, सॅन होजे स्टेटलाही मिळालीय. एक वर्ष तिथे काढून मग बर्कलीला ट्रान्सफर घेता येईल ना? की सरळ डी ॲन्झा कम्युनिटी कॉलेजला घालू?" आणि पाठोपाठ, जरा खालच्या आवाजात, "पण ताई, कम्युनिटी कॉलेज म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

माझी मुलगी कम्युनिटी कॉलेजमधून यूसीत गेली. तेव्हापासून सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या बऱ्याच मराठी घरांमध्ये या निर्णयासाठी कागद-पेन घेऊन बसले आहे. हा लेख प्रामुख्याने कॅलिफोर्नियाबद्दल आहे, कारण इथली व्यवस्था मी आतून पाहिली आहे. इतर राज्यांबद्दल पुढे थोडे लिहिले आहे.

या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. "आधी कुठेतरी प्रवेश घेऊ, ट्रान्सफरचे नंतर बघू" असे म्हणणाऱ्यांची वर्षे आणि पैसे वाया जातात. पदवी कुठून आणि कशात घ्यायची हे आधी ठरवायचे, आणि तिथून उलटे मोजत मागे यायचे. पहिल्या क्लासला नाव घालण्याआधी हा हिशेब कागदावर हवा.

पायरी १: ही वाट कशी बांधली आहे ते समजून घ्या

आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनियरिंगला जाणारी मुले सगळ्यांना माहीत आहेत. त्यांची पदवी पुढे कोणी वेगळी मानत नाही. कॅलिफोर्नियातली कल्पना याच जातीची आहे, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर राबवलेली. १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा आराखडा केला. त्यात तीन थर ठरले: संशोधन करणारी यूसी, अध्यापनावर भर देणारी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि सर्वांना दार उघडे ठेवणारी कम्युनिटी कॉलेजे. खालच्या थरातून वरच्या थरात तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट त्या आराखड्यातच आखलेली आहे. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. पहिली दोन वर्षे तिथे, पुढची दोन यूसीत किंवा सीएसयूत. हातात पडणारे पदवीपत्र शेवटच्या विद्यापीठाचे असते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो फोनवर सांगितला की समोरचा माणूस थोडा वेळ गप्पच होतो. ट्रान्सफरचे अर्ज घेताना यूसी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना पहिले प्राधान्य देते. यूसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांमध्ये शंभरातली नव्वदहून जास्त मुले तिथूनच येतात. सीएसयू, खासगी विद्यापीठ किंवा दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात पहिले वर्ष काढून आलेला मुलगा या रांगेत मागे उभा असतो. म्हणजे "चांगल्या विद्यापीठात एक वर्ष काढले तर बर्कलीला वजन पडेल" हा आपला सहज तर्क इथे उलटा पडतो. यूसीला ट्रान्सफर हेच ध्येय असेल, तर कम्युनिटी कॉलेज ही पुढची रांग आहे.

अलीकडच्या वर्षांत यूसीएलएला हायस्कूलमधून अर्ज करणाऱ्यांपैकी शेकडा ९ च्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो, आणि ट्रान्सफरसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी शेकडा २५ च्या आसपास. हे आकडे बघून लगेच हुरळून जाऊ नका. दोन्हीकडचे अर्जदार वेगळे असतात, आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलला की आकडा पार बदलतो. कम्प्युटर सायन्सला ट्रान्सफर मिळणे सगळीकडेच अवघड आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. देशभरात कम्युनिटी कॉलेजला सुरुवात करणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश चार वर्षांच्या विद्यापीठात पोहोचतात, आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती जेमतेम १६ जणांच्या. त्यात नोकरी करत शिकणारी, घर सांभाळणारी, हप्त्याहप्त्याने शिकणारी मंडळी मोठ्या संख्येने असतात, हे खरे. तरीही हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. दार उघडे असणे आणि वाट पार होणे यांत पुष्कळ अंतर आहे.

पायरी २: शेवट ठरवा

मुलासोबत बसा आणि दोन गोष्टी लिहा: मेजर कोणता, आणि कोणते तीन-चार कॅम्पस. अठराव्या वर्षी मेजर नक्की ठरत नाही, हे मान्य. मग निदान गट ठरवा. इंजिनियरिंग, कम्प्युटर, भौतिकशास्त्र हा एक गट. जीवशास्त्र, रसायन, मेडिकलकडे जाणारे विषय हा दुसरा. अर्थशास्त्र आणि बिझनेस तिसरा. इतिहास, मानसशास्त्र, इंग्रजी, राज्यशास्त्र हा चौथा. पहिल्या दोन गटांत आधी घ्यावे लागणारे विषय इतके आणि इतके साखळीबद्ध असतात की एक सत्र चुकले तर पूर्ण वर्ष पुढे ढकलले जाते. चौथ्या गटात मोकळीक बरीच असते, आणि माझ्या पाहण्यात कम्युनिटी कॉलेजचा मार्ग सर्वांत सुखाचा याच मुलांना गेला आहे.

कॅम्पस निवडताना टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी, समजून घ्या. ही यूसीची लेखी हमी आहे: ठरलेले विषय, ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी), ठरलेली युनिट्स (प्रत्येक क्लासची क्रेडिट्स) पूर्ण करा, आम्ही जागा देऊ. ही हमी सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस (यूसीएलए) आणि सॅन डिएगो देत नाहीत. सहापैकी एकाच कॅम्पसला टॅगचा अर्ज करता येतो. मेजरप्रमाणे अटी बदलतात, आणि कम्प्युटर सायन्स, इंजिनियरिंगसारख्या मेजरना कितीतरी ठिकाणी टॅग लागूच नसतो. म्हणून "डेव्हिसला टॅग आहे" एवढे ऐकून थांबू नका. "डेव्हिसला माझ्या मेजरसाठी या वर्षी टॅग आहे का" हा खरा प्रश्न.

सीएसयूकडे जायचे असेल तर असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर नावाची खास पदवी आहे. २०१० च्या राज्य कायद्याने ती आली. ती घेतली की सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की, थेट तिसऱ्या वर्षात, आणि उरलेली पदवी ६० युनिट्समध्ये पूर्ण. "कुठेतरी" हा शब्द लक्षात ठेवा. सॅन होजे स्टेटच किंवा सॅन लुइस ओबिस्पोची कॅल पॉलीच मिळेल, अशी हमी त्यात नाही.

पायरी ३: असिस्ट उघडा आणि एक संध्याकाळ त्याला द्या

असिस्ट डॉट ऑर्ग हे राज्याचे अधिकृत संकेतस्थळ आहे. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला क्लास, कुठल्या यूसी किंवा सीएसयू कॅम्पसला, कुठल्या मेजरसाठी, कशाच्या बदली धरला जातो, हे तिथे लिहिलेले असते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. बाकी सगळा सल्ला, माझा धरून, याच्या नंतर.

वाचायची पद्धत अशी. कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, वर्ष निवडा, मग मेजर. पान दोन बाजूंनी उघडते. एका बाजूला विद्यापीठाला काय हवे, दुसऱ्या बाजूला तुमच्या कॉलेजचा कुठला क्लास चालेल. जिथे जुळणारा क्लास नाही असे लिहिलेले दिसेल, तिथे थांबा. तो विषय तुमच्या कॉलेजमध्ये मिळत नाही. मग तो दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजमध्ये घ्यायचा, की प्रवेशानंतर विद्यापीठात करायचा, हे आत्ताच ठरवा.

तुमच्या तीन-चार कॅम्पसची ही पाने छापून शेजारी शेजारी ठेवा. सर्वांना सामाईक असलेले विषय एका रंगाने, एखाद्याच कॅम्पसला लागणारे दुसऱ्या रंगाने. आमच्या जेवणाच्या टेबलावर हे कागद दोन वर्षे होते. कम्प्युटर सायन्ससाठी बर्कली, सॅन डिएगो आणि डेव्हिस यांना लागणारे विषय हुबेहूब सारखे नाहीत, हे कागद शेजारी ठेवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

दोन बारकावे. पहिला, क्वार्टर आणि सेमिस्टर. डी ॲन्झा आणि फुटहिल क्वार्टरवर चालतात. फ्रीमाँटचे ओलोनी, सँटा क्लाराचे मिशन, साराटोगाचे वेस्ट व्हॅली सेमिस्टरवर. एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. ट्रान्सफरला ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स लागतात. यूसीमध्ये बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर आहेत, बाकीचे पदवी देणारे कॅम्पस क्वार्टरवर. ज्या मुलाला दहा-अकरा आठवड्यांच्या क्वार्टरचा वेग आधीच अंगवळणी पडलेला असतो, त्याला सॅन डिएगोला जाऊन धक्का बसत नाही. ज्याला विषय मुरवायला वेळ लागतो त्याला सेमिस्टर बरे.

दुसरा बारकावा आम्हाला महागात पडला. गणित आणि भौतिकशास्त्राची साखळी, म्हणजे एकापुढे एक येणारे तीन-चार क्लास, एकाच कॉलेजात पूर्ण करा. आमच्या मुलीने उन्हाळ्यात जागा मिळाली म्हणून भौतिकशास्त्राचा मधला भाग दुसऱ्या कॉलेजात केला. तिथे विषयांची विभागणी वेगळी होती. जे ती शिकली त्यातला काही भाग पुन्हा आला आणि काही भाग राहूनच गेला. साखळी जुळेना, आणि तिला तो क्लास पुन्हा घ्यावा लागला. असिस्टवर बघितले असते तर दहा मिनिटांत कळले असते. तो उन्हाळा परत मिळाला नाही.

पायरी ४: जनरल एज्युकेशन की मेजरची तयारी

जनरल एज्युकेशन म्हणजे मेजर कोणतेही असले तरी घ्यायचे सर्वसाधारण विषय. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सत्रापासून, नव्या मुलांसाठी या विषयांचा यूसी आणि सीएसयू दोघांनाही चालणारा एकच साचा आहे, कॅल-गेटसी. ११ क्लास, ३४ सेमिस्टर युनिट्स: इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार, वक्तृत्व, गणित, कला आणि मानव्यविद्या, समाजशास्त्रे, विज्ञान आणि त्याची प्रयोगशाळा, एथ्निक स्टडीज. पूर्वीचा आयगेटसी हा शब्द जुन्या मुलांच्या तोंडी ऐकाल. त्याची जागा याने घेतली आहे.

अर्थशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र घेणाऱ्याने हा साचा पूर्ण करावा. इंजिनियरिंग किंवा मूलभूत विज्ञानाकडे जाणाऱ्याने मात्र आधी मेजरचे विषय. कॅल्क्युलसची पूर्ण साखळी, लीनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, भौतिकशास्त्राचे तीन क्लास, प्रोग्रामिंग; यातले काही राहिले आणि संगीताचा रसास्वाद पूर्ण झाला, तर त्या अर्जाला अर्थ उरत नाही. काउन्सेलरने सरसकट साचा पूर्ण करायला सांगितले, तरी तुमचे मेजर सांगून पुन्हा विचारा. यूसीच्या किमान अटीत दोन इंग्रजी लेखनाचे आणि एक गणिताचा क्लास आहेच. ते पहिल्याच वर्षात उरका.

गणिताची सुरुवात कुठून होते यावर दोन वर्षे की तीन हे ठरते. कॅल्क्युलसपासून सुरू करणारा इंजिनियरिंगचा विद्यार्थी दोन वर्षांत बसतो. प्री-कॅल्क्युलसपासून सुरू करणाऱ्याला बहुधा तिसरे वर्ष लागते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण ते आधी माहीत हवे. हायस्कूलमध्ये दिलेल्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षांचे गुण पुढच्या विद्यापीठात मेजरच्या विषयाऐवजी धरले जातात की नुसती युनिट्स मिळतात, हेही त्या त्या कॅम्पसच्या पानावर बघा.

पायरी ५: पैशाचा खरा हिशेब

राज्याच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर आहे. क्वार्टरच्या कॉलेजात ३१. म्हणजे दोन वर्षांची, ६० युनिट्सची फी २,७६० डॉलर. पुस्तके, पार्किंग, किरकोळ शुल्क वेगळे. बऱ्याच कॉलेजांत पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या, पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलांना पहिली दोन वर्षे ही फीही माफ होते. कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस या नावाने चौकशी करा. यूसीची रहिवाशांची फी वर्षाला १५ हजार डॉलरच्या आसपास, आणि राहणे-खाणे धरले तर एकूण खर्च ४० हजारांच्या वर जातो. सीएसयूची मूळ फी २०२५-२६ ला ६,४५० डॉलर होती आणि ती दरवर्षी वाढते आहे.

घरी राहून दोन वर्षे काढली तर वाचणारी रक्कम मोठी आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडा. हायस्कूलमधून थेट जाणाऱ्यांना मिळणाऱ्या गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्यांपैकी पुष्कळ ट्रान्सफरवाल्यांना मिळत नाहीत. एखाद्या खासगी विद्यापीठाने तुमच्या मुलाला निम्मी फी माफ केली असेल, तर ती सोडताना हे लक्षात घ्या. आणि तिसरे वर्ष लागले तर एका वर्षाचा पगारही वजा होतो. उलट बाजूला, कम्युनिटी कॉलेजमधून जाणाऱ्यांसाठी जॅक केंट कुक फाउंडेशनची देशपातळीवरची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५५ हजार डॉलरपर्यंत. स्पर्धा कठीण, पण अर्ज करण्याजोगी.

फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरायचा कंटाळा करू नका. "आपले उत्पन्न जास्त, आपल्याला काय मिळणार" म्हणून तो न भरणारी घरे मी खूप पाहिली आहेत. अनेक शिष्यवृत्त्यांना तो भरलेला असणे हीच पहिली अट असते.

पायरी ६: मुलाकडे बघा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे असिस्ट मदत करत नाही.

कम्युनिटी कॉलेजमध्ये तुम्हाला कोणी बोलावत नाही. शंभर माणसांच्या हॉस्टेलच्या मजल्यावर जो आपोआप धक्का मिळतो, सगळे लायब्ररीत निघाले म्हणून आपणही निघालो, तो इथे नाही. क्लास संपतो, मुले गाडीत बसतात आणि घरी किंवा कामावर जातात. वर्गात शेजारी चाळीस वर्षांची नर्स असते, सैन्यातून परतलेला माणूस असतो, पंधरा वर्षांची हुशार हायस्कूलची मुलगी असते. माझ्या मुलीला या वर्गांनी फार काही दिले. पण पहिले सहा महिने ती एकटी होती, आणि मैत्रिणींचे हॉस्टेलमधले फोटो बघून रात्री रडायची, हेही तितकेच खरे.

मला स्वतःला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. मूल स्वतःहून प्राध्यापकांच्या ऑफिस अवरला, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेला, जाते का? डेडलाइन स्वतः लिहून ठेवते का, की आई आठवण करते? हायस्कूलमध्ये मार्क कमी पडले ते कशामुळे? आजारपण, घरातली अडचण, उशिरा आलेली समज, अशी कारणे असतील तर कम्युनिटी कॉलेजसारखी दुसरी संधी नाही, कारण ट्रान्सफरच्या वेळी यूसी हायस्कूलचे मार्क मोजत नाही. पण अभ्यासाची सवयच नसेल, तर कॉलेज बदलून सवय येत नाही. ती आधी लावावी लागेल, आणि घरी राहणे त्यात मदत करेल की अडथळा आणेल, हे प्रत्येक घराने आपापल्यापुरते ओळखावे.

लोक काय म्हणतील याबद्दल. मंडळाच्या गणपतीत "कुठे घेतली ॲडमिशन?" हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर आईवडिलांनी आधी मान ताठ ठेवून द्यायला शिकावे. मूल आपल्या चेहऱ्याकडे बघत असते. आपण विषय बदलला की त्याला वाटते, आपण कमी पडलो. माझ्या मुलीने हे मला दोन वर्षांनी सांगितले, आणि ते मला अजून लागते.

थेट विद्यापीठात कधी जावे

हाती आलेल्या विद्यापीठातून पदवी घ्यायला मूल मनापासून तयार असेल, तर तिथेच जा. ही माझी कसोटी आहे: ट्रान्सफर कधीच झाली नाही तरी चालेल का? "हो" आले तर जा. रिव्हरसाइड, मर्सेड, सॅन होजे स्टेट इथून निघालेली मुले इथल्या कंपन्यांमध्ये आणि संशोधनात जागोजागी आहेत. पहिल्या वर्षापासून प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम, इंटर्नशिपचे मेळावे, चार वर्षांचे मित्र, या गोष्टी दोन वर्षांत तितक्या जमत नाहीत. ट्रान्सफर होऊन आलेल्या मुलाला पहिल्याच फॉलमध्ये पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी धावावे लागते, तेव्हा त्याला कॅम्पसवरच्या इमारतीही माहीत नसतात.

उत्तर "नाही" असेल, म्हणजे मूल तिथे फक्त थांबायला जाणार असेल, तर विचार करा. अर्धवट मनाने काढलेल्या वर्षात मार्क पडतात, आणि पडलेले मार्क घेऊन मागच्या रांगेतून अर्ज करायचा. शिवाय हॉस्टेलचा खर्च झालेला असतोच. युनिट्सचेही नुकसान होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये सांगितले होते की कॉलेज बदलणाऱ्या मुलांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स नव्या ठिकाणी धरली जात नाहीत. असिस्टसारखा लेखी करार नसलेल्या वाटेवर हा धोका अधिक.

खासगी विद्यापीठांचे गणित वेगळे आहे. यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, दरवर्षी मोठ्या संख्येने ट्रान्सफर घेते आणि कम्युनिटी कॉलेजच्या मुलांचे तिथे स्वागत होते. स्टॅनफर्ड अगदी मोजकी मुले घेते. त्यावर योजना उभी करू नका.

एच-४ आणि एफ-१ वाल्यांसाठी

आपल्यापैकी बऱ्याच घरांत ग्रीन कार्डची रांग लांब आहे आणि मुले एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत. कॅलिफोर्नियात एच-४ वरचे मूल रहिवासाच्या अटी पूर्ण करून रहिवाशांची फी भरू शकते. एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य, आणि इथेच राहण्याचा हेतू कागदांनी दाखवणे, ही मुख्य अट. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र मिळत नाही, आणि मुलाला नोकरीही करता येत नाही.

खरी अडचण २१व्या वाढदिवसाला येते. एच-४ संपतो आणि बहुतेक मुले एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. अठराव्या वर्षी कम्युनिटी कॉलेज, विसाव्या वर्षी ट्रान्सफर असे धरले तर व्हिसा बदल नेमका नव्या विद्यापीठातल्या पहिल्या-दुसऱ्या सत्रात येतो. त्याने फीचा दर्जाही बदलू शकतो. म्हणून वाढदिवस कुठल्या सत्रात पडतो ते कॅलेंडरवर बघा आणि दोन्ही ठिकाणच्या रहिवास ठरवणाऱ्या कार्यालयाला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. इमिग्रेशनचा भाग वकिलाला विचारा, मंडळातल्या माणसाला नाही.

पुण्या-मुंबईहून बारावी करून एफ-१ वर येणाऱ्यांना ४६ डॉलरचा दर लागू नाही. बाहेरच्यांची फी युनिटला काही शे डॉलर असते. तरी यूसीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या फीपेक्षा ती खूप कमी पडते. यूसीला अशा मुलांचा किमान जीपीए २.८ लागतो, रहिवाशांना २.४, प्रत्यक्षात दोघांनाही याहून पुष्कळ वर असावे लागते. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसते, तेव्हा राहण्याची सोय आणि बसचा मार्ग आधी बघा. व्हिसाच्या मुलाखतीत दोन अधिक दोन वर्षांची योजना मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे.

दुसऱ्या राज्यात असाल तर

न्यू जर्सीत २००७ च्या कायद्याने काउंटी कॉलेजची (तिथल्या कम्युनिटी कॉलेजची) दोन वर्षांची पदवी राज्याच्या सरकारी विद्यापीठांनी धरायची असते, आणि हायस्कूलच्या वरच्या १५ टक्क्यांतल्या मुलांना एनजे स्टार्स या योजनेतून काउंटी कॉलेजची फी माफ होते. एडिसनच्या मराठी घरांनी हे जरूर बघावे. व्हर्जिनियात नोव्हा (नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज) आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ यांचा ॲडव्हान्स हा जोडकार्यक्रम आहे. टेक्सासमध्ये ४२ तासांचा कोअर अभ्यासक्रम सरकारी विद्यापीठांत एकत्रित धरला जातो, पण मेजरचे विषय वेगळे तपासावे लागतात. फ्लोरिडात सर्व सरकारी कॉलेजांत क्लासचे क्रमांक सारखे आहेत, त्यामुळे जुळवणी सोपी. तुमच्या राज्यात आधी लेखी करार शोधा. तो नसेल तर ज्या विद्यापीठात जायचे आहे त्याच्या ट्रान्सफर कार्यालयाकडून विषयांची यादी ईमेलवर मिळवा.

दोन वर्षांचे वेळापत्रक

पहिला फॉल सुरू होण्याआधी, मे-जूनमध्येच ओरिएंटेशन आणि काउन्सेलरसोबत शैक्षणिक आराखडा पूर्ण करा. हे केलेल्यांना क्लास निवडायला लवकरची तारीख मिळते. उशीर झाला तर कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीचे वर्ग भरलेले असतात, आणि तिथेच सहा महिने जातात.

पहिले वर्ष सर्वांत मोलाचे, आणि हे मुलांना पटवणे सर्वांत कठीण. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो, म्हणजे तेव्हा हातात फक्त पहिल्या वर्षाचे आणि मधल्या उन्हाळ्याचे मार्क असतात. "पहिले सत्र जरा रुळायला" असे म्हणायला इथे वाव नाही. एखादा क्लास झेपत नसेल तर मुदतीच्या आत डब्ल्यू (क्लास सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडणे डी ग्रेडपेक्षा बरे, पण अशा डब्ल्यूंची रांग लागू देऊ नका. सी मायनस ट्रान्सफरला चालत नाही, आणि सी मिळालेला क्लास मार्क सुधारायला पुन्हा घेता येत नाही.

टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर. तोवर ३० सेमिस्टर किंवा ४५ क्वार्टर युनिट्स झालेली हवीत. यूसीचा मुख्य अर्ज नोव्हेंबरअखेर. टॅग भरला तरी हा वेगळा भरावाच लागतो, आणि तो राहिल्याने टॅग गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. अर्जात चार छोटे निबंध असतात. त्यातला एक सर्व ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचा: मेजरसाठी तुम्ही कशी तयारी केली? इथे मुलाला दोन वर्षांची खरी गोष्ट सांगता येते. शिफारसपत्रे नाहीत, एसएटी नाही. जानेवारीत फॉलचे मार्क कळवायचा फॉर्म भरायचा. हा विसरणारी मुले दरवर्षी असतात, आणि विसरले की अर्ज मागे पडतो.

निकाल मार्च-एप्रिलमध्ये. जागा १ जूनपर्यंत स्वीकारायची. त्या वसंत सत्रातले क्लास शेवटपर्यंत नीट पूर्ण करा. प्रवेश त्या मार्कांवर अवलंबून असतो, आणि एखादा विषय न विचारता सोडला तर विद्यापीठ प्रवेश रद्द करू शकते. मग आतापर्यंत शिकलेल्या प्रत्येक कॉलेजकडून, हायस्कूलमध्ये असताना एकच क्लास केला असेल त्या कॉलेजकडूनसुद्धा, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, मागवायचे. कॅल-गेटसी पूर्ण केले असेल तर त्याचे प्रमाणपत्र कॉलेजकडून वेगळे मागावे लागते, ते आपोआप जात नाही. हे सगळे कागद १ जुलैच्या आत पोहोचले पाहिजेत, आणि पोहोचले का हे मुलाने स्वतः पोर्टलवर जाऊन बघितले पाहिजे.